बरे दिवस कुणी विचारलेच नाहीत : बायपोलर विकाराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन बहिणींचं आहे. आजार धाकटीला : बायपोलर, म्हणजे मन कधी नैराश्यात बुडतं तर कधी उन्मादात उसळतं. पण तो ओळखू आला थोरलीमुळे. म्हणून इथे त्यांना धाकटी आणि ताई असंच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी समुपदेशक आहे. औषधं मनोविकारतज्ज्ञ लिहून देतात, माझं काम ऐकण्याचं. आणि या प्रकरणात पहिली चूक झाली ती ऐकण्यातच.

धाकटी माझ्याकडे आली तेव्हा ३३ वर्षांची होती. हिशेबनीस. एकटी राहायची, ताईशी रोज रात्री फोन. तक्रार सरळ होती : दोन महिने मन लागत नाही, बारा-चौदा तास झोपूनही थकवा जात नाही, हातपाय शिसं भरल्यासारखे जड, खाणं वाढलेलं. आकड्यांत कधी न चुकणारी बाई एकच बेरीज तीनदा करत होती. असंच तिला २४व्या वर्षी झालं होतं, पुन्हा २९व्या वर्षी. दोन्ही वेळा उपचार घेतले नव्हते. "आपोआप गेलं. एके दिवशी उठले आणि ढग हटले," असं ती म्हणाली होती. मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

आज तीच नोंद वाचताना त्यातलं बरंच काही डोळ्यांत भरतं. पंचविशीच्या आत आलेलं पहिलं नैराश्य, त्याचं परत परत येणं, झोप आणि भूक कमी होण्याऐवजी वाढणं, आणि चार महिन्यांचा अंधार एका सकाळी संपणं. यातलं एकेक चिन्ह सुटं घेतलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण साध्या नैराश्यातही ते दिसतं. पण चारही एकत्र दिसली की एक प्रश्न विचारायलाच हवा : ढग हटल्यावर पुढचे पंधरा दिवस कसे गेले?

तो प्रश्न मी विचारला नाही. घरात कुणाला मानसिक आजार आहे का, हे मात्र विचारलं. ती "नाही" म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. तिच्या एका काकांनी तरुणपणी दोनदा होतं-नव्हतं ते विकून नवा धंदा मांडला होता आणि दोन्ही वेळा पुढचे कित्येक महिने अंथरूण सोडलं नव्हतं. घरात त्याला "काकांचा लहरी स्वभाव" म्हणत. आजार हा शब्द त्या घरात कुणी वापरलाच नव्हता, मग त्या शब्दानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर तरी कसं मिळणार?

पहिला उपचार

तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून अँटिडिप्रेसंट सुरू केलं. समोर जे दिसत होतं त्यावरून ते चुकीचं म्हणता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात फरक दिसू लागला. पाचव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली ती वेळेच्या अर्धा तास आधी, हातात नवी वही घेऊन. त्या दिवसाची माझी नोंद अशी आहे : "बोलकी, उत्साही. पहाटे उठून काम करते. नव्या योजना आहेत. चांगली प्रगती."

पहाटे म्हणजे किती वाजता, आणि झोपते किती वाजता, हे मी विचारलं नव्हतं. बुडणारं माणूस वर आलं की ते श्वास कसा घेतंय हे बघायचं राहून जातं, इतका आपल्यालाच आनंद झालेला असतो.

अकरा दिवस

त्यानंतर नवव्या दिवशी ताईचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. "मॅडम, ती झोपत नाहीये. आणि दमतही नाहीये. मला त्याचीच भीती वाटतेय."

ताईने हे दुसरं वाक्य जोडलं नसतं तर कदाचित मी पुन्हा चुकले असते. निद्रानाश झालेलं माणूस थकतं, चिडतं, झोपेसाठी तळमळतं. उन्मादात, म्हणजे मेनियात, झोपेची गरजच उरत नाही. दोन-तीन तास डोळा लागला तरी माणूस ताजंतवानं असतं. या दोन गोष्टींतला फरक घरच्यांइतका स्पष्ट दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

ताई संध्याकाळी आली आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. एका रात्रीत धाकटीचे ४७ मेसेज. पहिला २ वाजून १० मिनिटांनी, शेवटचा पाचच्या सुमारास. सुरुवातीचे मुद्द्यांना क्रमांक देऊन, शुद्ध, हिशेबनिसाला शोभतील असे : नोकरी सोडून स्वतःची सल्लागार कंपनी काढायची, जागा बघून ठेवली आहे, ताईने भागीदार व्हायचं. तिसाव्याच्या पुढे क्रमांक उडाले. चाळिसाव्यानंतर शब्दांमधल्या मोकळ्या जागाही गेल्या. शेवटच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं की ताळेबंदातले आकडे कुणीतरी मुद्दाम तिच्यासाठीच तसे मांडले आहेत.

तोपर्यंत तिने तीन वर्षांची बचत अनामत म्हणून भरून एका जागेच्या भाडेकरारावर सही केली होती, आणि साहेबांना "तुमची कुवत नाही" असं सर्वांदेखत ऐकवलं होतं.

निदान कशावर ठरलं

मनोविकारतज्ज्ञांनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. रक्ताच्या तपासण्या आधी केल्या, कारण थायरॉइड वाढलेलं असेल, स्टिरॉइड चालू असेल किंवा एखाद्या नशेचा परिणाम असेल तरीही चित्र असंच दिसू शकतं. तसं काही निघालं नाही.

मग निकषांचा भाग. डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेप्रमाणे उन्मादाची अवस्था किमान ७ दिवस टिकावी लागते, दाखल करण्याची वेळ आली तर ती अटही उरत नाही. सौम्य उन्मादाला, म्हणजे हायपोमेनियाला, सलग ४ दिवस पुरतात, पण त्यात काम-संसार कोलमडत नाही आणि वास्तवाचं भान सुटत नाही. ताळेबंदातून आपल्याला निरोप येतो असं वाटणं हे भान सुटल्याचं लक्षण, त्यामुळे 'सौम्य' हा शब्द इथे लागूच होत नव्हता. हा बायपोलर-१. सौम्य उन्माद आणि नैराश्य इतकंच असतं तर बायपोलर-२ म्हटलं असतं. आणि चढ-उतार दोन्ही अर्धवट पण दोन वर्षांहून अधिक चाललेले असते तर सायक्लोथायमिया.

एक शंका रास्त होती : हे सगळं गोळीमुळे तर नाही? बायपोलर असलेल्या माणसाला नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध दिलं नाही, तर काहींच्या बाबतीत पारडं उलट्या बाजूला झुकतं. गोळी लगेच बंद केली गेली. तिचा अंमल उतरून गेल्यावरही उन्माद तसाच राहिला, तेव्हा तो निव्वळ गोळीचा परिणाम म्हणता येईना.

खरा पुरावा मात्र ताईकडून आला. तज्ज्ञांनी तिला विचारलं, "आधीच्या दोन्ही वेळी ती बरी झाल्यावर कशी होती?" ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फारच छान. आम्ही म्हणायचो, आमची खरी मुलगी परत आली." आणि मग एकेक निघालं. २४व्या वर्षी नैराश्य संपल्यावर दहा दिवसांत तीन अभ्यासक्रमांना नावं घातली. २९व्या वर्षी आठवडाभर रात्री जागून अख्खं घर रंगवलं. कुणाचं नुकसान झालं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नाही. धाकटीच्या लेखी तर तेच तिचं निरोगी रूप होतं, डॉक्टरला काय सांगणार?

हे फक्त तिच्यापुरतं नाही. बायपोलर-१ असलेल्या १४६ जणांचा सरासरी जवळपास १३ वर्षं पाठपुरावा करणारा एक अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३२ टक्के आठवडे नैराश्याचे होते, उन्मादाचे किंवा सौम्य उन्मादाचे जेमतेम ९ टक्के. माणूस डॉक्टरकडे जातं तेही बहुधा त्या ३२ टक्क्यांत. त्या ९ टक्क्यांबद्दल कुणी विचारलं नाही तर निदान वर्षानुवर्षं 'नैराश्य' एवढंच राहतं.

पर्याय आणि निर्णय

*घरी की रुग्णालयात.* ताईला तिला स्वतःच्या घरी न्यायचं होतं. पण धाकटी रात्री गाडी घेऊन बाहेर पडत होती, पैसे संपेपर्यंत थांबणार नव्हती आणि घरात चोवीस तास लक्ष ठेवायला एकटी ताई. दाखल करण्याचं ठरलं. धाकटीला हे पटावं म्हणून तज्ज्ञांनी तिच्या आजारपणावर वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "तुमच्या योजना दोन आठवड्यांनी चांगल्या असतील तर तेव्हाही चांगल्याच असतील. आत्ता फक्त झोप." ती हसली, म्हणाली "दोन आठवडे म्हणजे चौदाच," आणि सही केली. प्रत्यक्षात १६ दिवस लागले. त्या जास्तीच्या दोन दिवसांचा हिशेब तिने मला पुढे कितीतरी महिने ऐकवला.

*औषध कोणतं.* उन्माद उतरवण्यासाठी थोड्या काळाकरता ओलान्झपीन, यावर एकमत होतं. लांब पल्ल्यासाठी तीन नावं होती. व्हॅल्प्रोएट लवकर काम करतं, पण गरोदरपणी ते घेतलेल्या आईच्या दर १०० बाळांपैकी साधारण १० बाळांत जन्मतः व्यंग आढळतं आणि ३० ते ४० बाळांच्या मानसिक-बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. मूल हवं की नको हे धाकटीचं अजून ठरलेलं नव्हतं, आणि ठरलेलं नाही म्हणजे दार उघडंच ठेवायला हवं. लॅमोट्रिजीन नैराश्य परतू नये म्हणून चांगलं, पण चढत्या उन्मादावर त्याचा उपयोग होत नाही, शिवाय अंगावर गंभीर पुरळ उठू नये म्हणून मात्रा आठवड्याआठवड्याने वाढवावी लागते. राहिलं लिथियम. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. इतकं जुनं असूनही आजाराची पुनरावृत्ती आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचं नाव अजून वर आहे. त्याचा जाच म्हणजे रक्ततपासणी. गुण देणारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं : नेहमीसाठी ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटर, १.५ च्या वर धोका. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, आणि मूत्रपिंड व थायरॉइडही ठरावीक काळाने तपासायचे.

लिथियमही गरोदरपणात पूर्ण निर्धोक नाही, हे तिला तेव्हाच सांगितलं गेलं. तिने विचारलं, "कमी वाईट कोणतं, एवढंच सांगा." तज्ज्ञांनी सांगितलं.

उतार

रुग्णालयातून घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, संपलं. खरं तर सर्वांत वाईट काळ तिथून सुरू झाला. उन्माद ओसरल्यावर नैराश्य आलं, आणि या वेळी त्याला लाजही चिकटलेली होती. भाडेकराराचे कागद समोर पडलेले, साहेबांना बोललेलं प्रत्येक वाक्य पाठ. उन्मादात काय केलं ते विसरलं जातं असा एक समज आहे. बऱ्याचदा ते लख्ख आठवतं.

एका भेटीत ती खिडकीकडे बघत म्हणाली, "ताईला माझ्याशिवाय सोपं जाईल." मी थेट विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी अनेकांची भीती असते, अनुभव उलटा आहे. ती रडली आणि हो म्हणाली. त्याच संध्याकाळी ताईसमोर तीन गोष्टी ठरल्या. गोळ्या ताईकडे राहतील आणि एका वेळी आठवड्याच्याच मिळतील, कारण लिथियमची जास्त मात्रा जीवघेणी ठरू शकते. रात्री ती एकटी राहणार नाही. आणि तज्ज्ञांची भेट पुढच्या आठवड्याऐवजी दुसऱ्याच दिवशी. औषधात क्वेटियापीनची भर पडली, ते बायपोलरमधल्या नैराश्यावरही चालतं. अँटिडिप्रेसंट परत द्यावं का, यावर चर्चा झाली आणि देऊ नये असं ठरलं.

तीन महिने लागले. एका सकाळी ढग हटले नाहीत. हळूहळू पातळ होत गेले. तज्ज्ञांना हेच जास्त आवडलं.

भाडेकराराचं प्रकरण ताईने वैद्यकीय कागद दाखवून मिटवलं, अर्धी अनामत गेली. नोकरी राहिली, खातं बदललं.

"मला मीच परत हवी"

सातव्या महिन्यात धाकटीने लिथियम बंद करायचं म्हटलं. कारणं तिच्या सवयीप्रमाणे क्रमवार : हात थरथरतो, सारखी तहान, वजन, आणि चौथं म्हणजे सगळं सपाट वाटतं. "रंग गेलेत. ताईला बरं वाटतंय म्हणून मी गोळ्या घेतेय."

अशा वेळी घरचे ओरडतात किंवा धाक घालतात, आणि माणूस गोळी गुपचूप सिंकमध्ये टाकायला लागतं. तज्ज्ञांनी तिची चारही कारणं खरी मानली. पातळी ०.९ होती, मात्रा उतरवून ती ०.७ च्या आसपास आणली. वजनाला मुख्यतः लिथियमच्या जोडीची औषधं जबाबदार होती. ओलान्झपीन आधीच थांबलं होतं, क्वेटियापीन पायरीपायरीने कमी केलं. बंद करायचंच असेल तर तो तिचा अधिकार, पण एका दिवसात नाही, काही महिन्यांत. अचानक थांबवलं तर उन्माद उसळून परत येण्याचा धोका वाढतो. ती म्हणाली, तीन महिने बघते. थरथर कमी झाली. रंग थोडे परत आले, सगळे नाही, असं तिचं म्हणणं आजही आहे.

मग एक अपघात झाला. गुडघा मुरगळला म्हणून तिने दुकानातून इबुप्रोफेन घेतलं आणि चार दिवस खाल्लं. त्यातच जुलाब लागले. पाचव्या दिवशी फोनवर ताईला तिची जीभ जड वाटली. घरी जाऊन बघते तर हात इतका थरथरत होता की पेला ओठांपर्यंत जाईना. नेहमीची बारीक थरथर वेगळी, ही वेगळी. पातळी निघाली १.८. लिथियम थांबवलं, सलाइन लावलं, दोन दिवस निगराणीत ठेवलं. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि अंगातलं पाणी कमी होणं, या सगळ्यांनी लिथियम शरीरात साठतं. हे तिला मिळालेल्या माहितीपत्रकात होतं, दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. तोंडी कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

कागद

यानंतर आम्ही तिघींनी बसून एक कागद केला. लिहिला धाकटीनेच, रकाने आखून. पहिल्या रकान्यात तिची स्वतःची धोक्याची चिन्हं : लागोपाठ दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि तरी थकवा नाही, मेसेजमध्ये क्रमांक, नवी वही. नवी वही हे तिनेच सुचवलं. दुसऱ्या रकान्यात ताईने काय करायचं : तज्ज्ञांना फोन, गाडीची किल्ली, आणि ठरावीक रकमेवरचे व्यवहार दोघींच्या सहीने. तिसरा रकाना ताईने काय करायचं नाही याचा. त्यात पहिलीच ओळ : "मी मोठ्याने हसले की 'गोळी घेतलीस का?' असं विचारायचं नाही."

ताई ते वाचून जरा दुखावली. मग म्हणाली, "मी असं करते?"

"रोज."

त्या कागदाचा उपयोग एकदाच झाला. तपासणीसांच्या कामासाठी धाकटी दोन रात्री जागली आणि तिसऱ्या दिवशी तिनेच ताईला फोन केला : "वही घ्यावीशी वाटतेय." चार दिवस क्वेटियापीन वाढवलं, कामावरून सुट्टी, रात्री नऊला दिवे बंद. बाकी काही घडलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीतच तिच्या परवानगीने ताईला बोलावता आलं असतं. अर्ध्या तासात निदानाची दिशा बदलली असती असं मला वाटतं. आता नैराश्य घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते : कमी झोपूनही भरपूर जोम होता असे चार-पाच दिवस कधी आले का? घरचे तेव्हा काय म्हणत होते? आणि 'आजार' हा शब्द टाळून : घराण्यात कुणी लहरी, उधळे, मधूनच दिसेनासे होणारे?

अँटिडिप्रेसंट द्यायलाच नको होतं का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण दिल्यावर पहिले सहा आठवडे झोपेचे तास लिहून ठेवायला सांगणं फुकटचं होतं, आणि ते झालं नाही. दाखल करण्याच्या निर्णयाबद्दल धाकटीचं आणि माझं अजून जमत नाही. ती म्हणते, ताईच्या घरीही भागलं असतं.

आज

दोन वर्षं झाली. लिथियम चालू आहे, पातळी ०.७. आता तिच्या आयुष्यात जोडीदार आहे आणि मुलाचा प्रश्न खरोखरचा झाला आहे. लिथियम चालू ठेवायचं, मात्रा कमी करायची की पहिले तीन महिने थांबवायचं, यावर तज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्यासोबत दोन बैठका झाल्या. बाळंतपणानंतरचे आठवडे या आजारात सर्वांत जोखमीचे, आणि झोपमोड तर ठरलेलीच. धाकटीने अर्थातच तक्ता केला आहे. त्यात "रात्री बाळाला कोण घेणार" या रकान्यात ताईने पेन्सिलने स्वतःचं नाव लिहिलं. धाकटीने ते अजून शाईने गिरवलेलं नाही, पण खोडलेलंही नाही.